वल्ही मोजलीस की काढलीस? इतिहासाचं सेमिस्टर आणि आपले छंद

परवा ग्रंथालयात एम.ए. इतिहासाच्या तिसऱ्या सेमिस्टरची एक मुलगी भेटली. तिच्या वहीत जुन्या वाड्यांच्या दरवाज्यांची, खुंट्यांची, कोनाड्यांची सुरेख रेखाटनं होती. वही बंद करत ती म्हणाली, "ताई, प्रकल्प सुरू झालाय. आता वर्षभर हे सगळं बंदच ठेवावं लागणार ना?"

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. कुणी एकांकिका करतं, कुणी कविता लिहितं, कुणाला कॅमेऱ्याचं वेड असतं. घरचे म्हणतात, आधी पदवी पदरात पाडून घे, छंद कुठे पळून जात नाहीत. आणि आपल्यालाही मनातून थोडं अपराधी वाटतच असतं. म्हणून आज त्या मुलीला दिलेलं उत्तर जरा सविस्तर लिहिते. छंद बंद करू नका. पण त्याला प्रबंधात आणणार असाल तर दारात त्याची झडती घ्या. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, चूक करून शिकले म्हणून सांगतेय.

सेमिस्टर खरंच किती लहान असतं

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत एम.ए.च्या पहिल्या सेमिस्टरला संशोधनपद्धतीचा विषय आला आणि तिसऱ्या-चौथ्या सेमिस्टरला संशोधन प्रकल्प आला. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात एका सेमिस्टरमध्ये शिकवण्याचे आठवडे असतात साधारण पंधरा. त्यात अंतर्गत परीक्षा, सादरीकरणं, सुट्ट्या, सण. प्रकल्पासाठी निवांत असे सात-आठ आठवडे मिळाले तरी खूप झालं.

एवढ्या वेळात "मराठेशाहीतील स्त्रिया" किंवा "कोकणाचा सागरी इतिहास" असा विषय पेलत नाही. तरी दर वर्षी निम्म्या वर्गाचे विषय असेच असतात. कारण आपण विषय पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून उचलतो. अनुक्रमणिकेतला विषय मोठाच असणार, त्यावर आधीच कुणीतरी आयुष्य घालवलेलं असतं. सेमिस्टरला पुरेल असा लहान, नेमका प्रश्न सापडायला वस्तूजवळ बराच वेळ थांबावं लागतं. छंद नेमकं तेच करतो, तो आपल्याला थांबवतो.

चित्र काढताना डोळा कसा थांबतो

माझं उदाहरण देते. मुंबईत बोरिवली पश्चिमेला एकसर नावाचा भाग आहे. आज तिथे इमारतींची दाटी आहे, पण तिथले वीरगळ अभ्यासकांना शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला दगड. महाराष्ट्रात गावोगावी ते सापडतात, कधी देवळाच्या आवारात, कधी शेताच्या बांधावर, कधी शेंदूर फासून देव झालेले.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. खालच्या पट्टात लढाई किंवा पडलेला वीर. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्याशी बहुधा चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते असेपर्यंत ही कीर्ती राहो. हा सर्वसाधारण नमुना. एकसरचे दगड वेगळे ठरतात ते खालच्या पट्टांमुळे. माणसापेक्षा उंच असलेल्या या दगडांपैकी काहींवर जमिनीवरची नव्हे, समुद्रातली लढाई आहे. उंच टोकाची गलबतं, वल्ह्यांच्या रांगा, वर उभे सैनिक.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती काही संशोधन म्हणून नाही. चित्रं काढायची होती म्हणून. मोबाईलवर दहा फोटो काढून दहा मिनिटांत निघता आलं असतं. पण रेखाटन करायला बसलं की तास-दीड तास त्याच दगडासमोर जातो. वल्हं काढायचं तर ते कुठून सुरू होतं ते बघावं लागतं. सैनिकाचा हात काढायचा तर त्यात धनुष्य आहे की भाला, हे ठरवावं लागतं. फोटो काढताना हे काहीच ठरवावं लागत नाही, कॅमेरा सगळं एकसारखं टिपून मोकळा होतो.

त्या दिवशी मला लक्षात आलं की गलबतावरची माणसं गलबताच्या मानाने फारच मोठी आहेत. अशी गलबतं खरी असती तर बुडालीच असती. मग शिल्पकाराला प्रमाण कळत नव्हतं, की त्याला माणसंच महत्त्वाची वाटत होती? आणि मग या दगडावरून गलबतांबद्दल आपण किती सांगू शकतो? हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकातून सुचला नसता.

पाठ्यपुस्तकातला प्रश्न आणि सेमिस्टरचा प्रश्न

या दगडांवर कोणती लढाई आहे, हा उघड प्रश्न. त्याची उत्तरं अभ्यासकांनी दिलेली आहेत आणि ती जुळत नाहीत. एक मत असं की ही तेराव्या शतकातली लढाई. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातली, १२६५ च्या आसपासची. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ग्रंथातल्या प्रशस्तीत सोमेश्वराचा समुद्रात अंत झाल्याचं वर्णन आहे, म्हणून हा धागा जोडला जातो. दुसरं मत काळ बराच मागे नेतं, अकराव्या शतकात. माळव्याच्या भोज परमाराने कोकण जिंकल्याच्या उत्सवात दिलेली दानं १०२० च्या ताम्रपटांत नोंदलेली आहेत, त्या मोहिमेशी हे दगड जोडले जातात.

मी उत्साहाने ठरवलं, हा वाद आपण सोडवायचा. मार्गदर्शक सरांनी शांतपणे विचारलं, "सात आठवड्यांत?"

मग त्यांनी एक साधी गोष्ट सुचवली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्यातल्या स्थळांचा खंड १८८२ चा आहे. त्यात एकसरच्या दगडांचं पट्टांनुसार वर्णन आहे. "ते वर्णन घे, दगडासमोर उभी राहा आणि ओळ-न्-ओळ पडताळून बघ. तेव्हा काय दिसत होतं, आज काय दिसतंय आणि त्या लिहिणाऱ्याने काय पाहून काय अर्थ लावला, एवढंच लिही."

आधी मला हे फारच किरकोळ वाटलं. आता कळतं की संशोधनाचा प्रश्न असा असतो. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, साधन हाताशी आहे आणि उत्तर आधीपासून ठाऊक नाही. शिवाय त्याचा पुढच्या माणसाला उपयोग आहे, कारण दगड झिजत जातात आणि आजची काळजीपूर्वक केलेली नोंद उद्याचा पुरावा होते. आणि त्यात माझं चित्र शोभेचं राहत नव्हतं, ते कामाचं साधन होत होतं.

माझी चूक

सेमिस्टर संपायला तीन आठवडे उरले होते. माझ्याकडे एका पट्टाचं मोठं रेखाटन तयार होतं, शाईत, घरी बसून नीट पूर्ण केलेलं. मला त्याचा फार अभिमान होता. त्या चित्राच्या आधाराने मी दोन पानं लिहिली होती. सगळी गलबतं एकाच आकाराची, वल्ह्यांची संख्या सारखी, म्हणजे हा एका सत्तेचा, एकाच पद्धतीनं बांधलेला काफिला असावा, वगैरे. वाक्यं झकास जमली होती.

सरांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "या शेवटच्या गलबताची वल्ही तू मोजलीस की काढलीस?"

मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि कान गरम झाले. त्या गलबताचा पुढचा भाग झिजलेला होता. तिथे मी शेजारच्या गलबतासारखी वल्ही भरून टाकली होती. खोटं करायचं म्हणून नाही, तिथे मोकळी जागा ठेवली असती तर चित्र अपुरं दिसलं असतं म्हणून. हात आपोआप चालला होता. चित्रकाराच्या हाताला तसं वळणच असतं. पण महिन्याभराने मीच ते चित्र समोर ठेवून वल्ही मोजली, ती सारखी भरली आणि त्यावरून मी काफिल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे माझा पुरावा मीच तयार केला होता आणि मलाच तो पुरावा वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल पकडून पुन्हा एकसरला गेले. मोजली. काही वल्ही स्पष्ट, काही नुसत्या खुणा, काही ठिकाणी काहीच नाही. दोन पानं काढून टाकली. प्रकल्प आणखी बारीक झाला आणि गुणही फार भारी मिळाले नाहीत. पण त्यानंतर केलेल्या सगळ्या कामाला मी तो प्रश्न लावत आले आहे. मोजलंस की काढलंस?

तीन खुणा

यावर उपाय नवा शोधायची गरज नाही. आपल्या शास्त्रांनी तो कधीच शोधून ठेवलाय. पुरातत्त्वीय रेखाटनात जे प्रत्यक्ष दिसतं ते अखंड रेषेत काढतात आणि जे अंदाजाने पूर्ण केलं ते तुटक रेषेत. शिलालेख छापताना पुसट किंवा संपादकाने भरलेली अक्षरं कंसात देतात. मोडी कागदाचं लिप्यंतर करताना कागद फाटला असेल तिथे टिंबं देतात. वाचकाला कळलं पाहिजे की इथपर्यंत साधन बोलतंय आणि इथून पुढे मी बोलतोय.

तुमच्या वहीत हेच करा. मी तीन खुणा वापरते. "दि" म्हणजे दिसलं, "अं" म्हणजे अंदाज, "क" म्हणजे कल्पना. प्रत्येक टिपणासमोर, चित्राच्या प्रत्येक भागासमोर यातलं एक अक्षर. उदाहरणार्थ:

दि: तिसऱ्या आकृतीचा उजवा हात वर उचललेला. हातातली वस्तू झिजलेली.
अं: शेजारच्या दोघांकडे धनुष्य आहे, म्हणून इथेही धनुष्य असावं.
क: हा नेमका मुख्य वीर आणि तो शेवटचा बाण सोडतोय.

तिसरी ओळ खोडू नका. तुमची कथा, तुमची एकांकिका त्या ओळीतूनच येणार आहे. फक्त प्रकल्पात ती "दि" च्या वेषात शिरता कामा नये. आणि खूण त्याच जागी, त्याच दिवशी करा. महिन्याभराने आपल्याच वहीत काय पाहिलं होतं आणि काय भरलं होतं हे आपल्यालाही सांगता येत नाही, याचा अनुभव वर सांगितलाच.

दगडाजवळ जाताना काही गोष्टी पाळा. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतं. मोजपट्टी न्या आणि एक तरी फोटो ती शेजारी ठेवून घ्या. उठाव दिसावा म्हणून खडू, पीठ, तेल, पाणी काहीही लावू नका. लोक पूजा करत असतील तर आधी विचारा, पायातलं काढा. त्या दगडाचं आजचं आयुष्य हाही इतिहासच आहे.

ज्यांना नाटक-सिनेमाचं वेड आहे त्यांच्यासाठी

चित्रकलेचं ठीक आहे, पण नाटक-सिनेमात तर सगळं रचलेलंच असतं, असं कुणी म्हणेल. तर एक परदेशातली गोष्ट सांगते, कारण तीत हाच पेच फार स्पष्ट दिसतो.

नॅटली झीमन डेव्हिस या इतिहासकार सोळाव्या शतकातल्या फ्रान्सच्या अभ्यासक. तिथल्या एका खेड्यातून मार्टिन गेर नावाचा शेतकरी निघून गेला. काही वर्षांनी "मीच मार्टिन" म्हणत दुसराच माणूस आला आणि त्याच्या बायकोबरोबर, बर्ट्रांदबरोबर, संसार करू लागला. शेवटी खटला उभा राहिला आणि १५६० मध्ये निकालाच्या तोंडावर खरा मार्टिन लाकडी पाय घेऊन न्यायालयात हजर झाला. या प्रकरणावर फ्रेंच सिनेमा झाला, १९८२ साली. डेव्हिस त्याच्या इतिहास सल्लागार होत्या.

त्या कामात पात्रं कशी वागतील, कशी बोलतील याचा विचार करताना त्यांना नवे प्रश्न पडत गेले. आणि सिनेमाने सोपं करून टाकलेल्या किंवा गाळलेल्या गोष्टी त्यांना खटकू लागल्या. त्या अस्वस्थतेतून १९८३ मध्ये "द रिटर्न ऑफ मार्टिन गेर" हे त्यांचं पुस्तक आलं, आज ते जगभर इतिहासाच्या वर्गांत वाचलं जातं. म्हणजे सर्जनशील कामातून त्यांना संशोधनाचा प्रश्न मिळाला.

पण गोष्ट इथे संपत नाही. १९८८ मध्ये "अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू" या नियतकालिकात रॉबर्ट फिनले यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. बर्ट्रांदला तो माणूस तोतया आहे हे ठाऊक होतं आणि तिने जाणून त्याला साथ दिली, असं डेव्हिस मांडतात. याला कागदपत्रांचा आधार कुठे आहे, असा त्यांचा सवाल. डेव्हिस यांनी त्याच अंकात सविस्तर उत्तर दिलं. थोडक्यात, त्यांनाही तोच प्रश्न विचारला गेला. मोजलंत की काढलंत? वाद जरूर वाचा आणि कुणाचं पटतं ते स्वतः ठरवा. मला एवढंच दाखवायचंय की कल्पनेला पुस्तकात जागा मिळते, पण "कदाचित" आणि "असावं" ही तिची ओळखपत्रं गळ्यात अडकवूनच.

आपल्याकडे "घाशीराम कोतवाल" १९७२ मध्ये रंगमंचावर आलं, तेव्हा नाना फडणवीसांच्या चित्रणावरून केवढं वादळ उठलं! हे ऐतिहासिक नाटक नाही, अशी तेंडुलकरांची भूमिका होती. नाटककाराला असं म्हणायची मुभा आहे. नाटक वेगळ्या सत्याच्या मागे असतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मात्र तुम्ही "हा ऐतिहासिक प्रबंध नाही" असं लिहू शकत नाही.

आणि उलट बाजूही विसरू नका. हेमाद्रीची प्रशस्ती, जी आपण पुरावा म्हणून वापरतो, तीही दरबारात रचलेलं अलंकारिक काव्यच आहे. वीरगळाचा शिल्पकारही जे झालं तेच कोरत नव्हता, त्याने वीराला स्वर्गापर्यंत नेऊन पोचवलंय! ज्याने स्वतः कधी रचना केली आहे, त्याला दुसऱ्याच्या रचनेतले सांधे लवकर दिसतात. कुठे वजन दिलंय, कुठे झाकलंय, कुठे फक्त साचा वापरलाय. तुमचा छंद तुम्हाला इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

पंधरा आठवड्यांत हे बसवायचं कसं

पहिले तीन आठवडे विषय पक्का करू नका. आठवड्यातून एकदा एकाच वस्तूसमोर, कागदासमोर किंवा जागेसमोर तासभर बसा आणि तुमचा छंद करा. चित्र, वर्णन, संवाद, काहीही. दर वेळी शेवटी एकच ओळ लिहा: आज मला काय कळलं नाही?

चौथ्या आठवड्यात त्या तीन ओळी मार्गदर्शकांना दाखवा. त्यांतली जी ओळ एका साधनाच्या आणि दोन-चार पुस्तकांच्या आधारे तपासता येईल, ती तुमचा विषय.

पाचव्यापासून अकराव्यापर्यंत वाचन आणि पडताळणी. या काळात छंदाला आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ द्या, जास्त नको. एकांकिकेच्या तालमी याच सुमारास येत असतील तर आधीच स्पष्ट सांगा, "या वेळी मी प्रकाशयोजना करते, मुख्य भूमिका नको." मी हे न सांगता दोन्हीकडे हो म्हटलं होतं आणि दोन्हीकडे शिव्या खाल्ल्या.

बाराव्या आठवड्यात लेखन संपवा आणि मग एक पूर्ण दिवस फक्त झडतीसाठी ठेवा. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा: दि, अं की क? "अं" असेल तिथे "असावं" आलं का? "क" शिरलंय का? विशेषतः जी वाक्यं तुम्हाला फार आवडलीत, ती आधी तपासा. माझी ती दोन पानं अख्ख्या प्रकल्पातली सर्वांत सुंदर पानं होती.

त्या मुलीला मी एवढं सगळं नाही सांगितलं. तिची वही पुन्हा उघडायला लावली आणि एका दरवाज्याच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "ही वरची महिरप पूर्ण होती का गं?"

ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डावीकडची पडलेली होती बहुतेक. परत जाऊन बघते."

तिचं संशोधन सुरू झालं, असं मी समजते.